जागेश्वरचे चिंचोके

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, ऊन उतरलं की जागेश्वर गभने उजव्या खिशात चिंचोके भरून जुन्या खाणीकडे जायचा. परत यायचा तेव्हा त्यातले बरेच डाव्या खिशात गेलेले असायचे. डाव्या खिशातला एक चिंचोका म्हणजे दहा वटवाघळं. मंगळवारी सकाळी शाळा भरायच्या आधी तो माझ्याकडे येई, टेबलावर डावा खिसा उलटा करी आणि मी ते मोजून नागपूरला कार्ड लिही. बारा वर्षं हा उद्योग चालला, आणि एवढ्या वर्षांत त्याचा एक सोमवार चुकला नाही. माझी शाळा मात्र पुष्कळदा चुकली.

मी तेव्हा नाकाडोंगरीपासून दोन कोसांवरच्या एका टोलीवर, लहानशा वस्तीवर, शाळामास्तर होतो. शाळेच्या पडवीतच एक टेबल आणि एक शिक्का घेऊन टपालाची शाखा चालवायचो. दोन्ही कामं मन लावून करणारा माणूस मी नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. उन्हाळ्यात पत्रे तापायचे, पावसाळ्यात गळायचे, आणि बदलीचा अर्ज दरवर्षी जिथे जायचा तिथेच राहायचा. टोलीवर वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. त्यामुळे आलेलं पत्र देणं, ते वाचून दाखवणं, त्याचा अर्थ सांगणं आणि उत्तर लिहिणं ही चारही कामं माझीच. चार घरांच्या गावात माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो. मीही झालो होतो.

जागेश्वरची गोष्ट अशी की तो मूळचा धानाचा शेतकरी. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खाली त्याच्या तीन बांध्या, धानाची खाचरं, होत्या. टोलीमागच्या टेकडीत एका ठेकेदाराने मँगनीजसाठी सुरंग खणला, तेव्हा जागेश्वर तिथे चौकीदार लागला. चौऱ्याहत्तर साली माल संपला, ठेकेदार गेला, मजूर गेले. जागेश्वरला कोणी जा म्हणून सांगितलंच नाही, म्हणून तो राहिला. किल्ली त्याच्याकडे, दाराला कुलूप आणि आत काही नाही. लोक त्याला हसायचे. मग दारावरच्या झरोक्यातून त्या रिकाम्या सुरंगात वटवाघळं आली आणि लोक आणखी हसायला लागले. त्याला चमगादडांचा कोतवाल म्हणायचे.

शहात्तरच्या दिवाळीत नागपूरहून खानझोडे सर आले. एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. हसरा, बुटका माणूस. सुरंगात पोटावर सरपटत गेले आणि काळे ठिक्कर होऊन बाहेर आले, तरी हसतच होते. म्हणाले, ही फळं खाणारी जात आहे, हिचा चेहरा बघा, अगदी कुत्र्याच्या पिलासारखा. जागेश्वरने कंदील धरून पाहिलं आणि त्यालाही तो तसा दिसला. सरांनी त्याला काम लावून दिलं. महिन्यातून एकदा, तिन्हीसांजेला ती बाहेर पडतात तेव्हा तोंडाशी बसून मोजायची. आत जायचं नाही, त्यांना त्रास होतो. आकडा कार्डाने कळवायचा. चिंचोक्याची युक्ती जागेश्वरची स्वतःची. खळ्यावर धानाच्या खंड्या मोजताना त्याचा बाप तसंच करायचा.

आकडा हजार, बाराशे, चौदाशे असा चढत गेला. जागेश्वरच्या अंगात तसतसा काही फरक पडत गेला, तो मी बघत होतो. ज्याच्याकडे राखायला काही उरलं नव्हतं त्याला राखायला चौदाशे जीव मिळाले होते. लग्नाच्या पंगतीत बसला तरी दुसऱ्या घासाला तो आकडा सांगायचा. सायेबाच्या कागदात माया आकडा जाते, म्हणायचा. त्याची बायको कुंताबाई कपाळाला हात लावायची. धान किती झालं ते या माणसाला सांगता येत नाही, पण चमगादड विचारा, असं ती म्हणायची. तिच्या बोलण्यात राग नसायचा.

एक्याऐंशी साली त्याच्या धानावर करपा आला. पहिल्यांदा एकाच कोपऱ्यात, दहाबारा बुडांवर ठिपके दिसले. आमच्याकडची जुनी रीत अशी की लागलेलं बूड उपटायचं आणि बांधावर नेऊन जाळायचं. पण त्या वेळी शेतीची माहिती सांगणारा कोणी साहेब गावावरून जात होता. तो म्हणाला, घाई करू नका, मी येऊन पाहतो, मग औषध सांगतो. जागेश्वर थांबला. साहेब काही फिरकला नाही. पंधरा दिवसांत तिन्ही बांध्या भाजल्यासारख्या झाल्या. त्या वर्षी त्याने धान कापलंच नाही, गुरं सोडली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. त्याचं ताक पुढे तीन वर्षांनी आलं, आणि ते त्याच्या हातात मी दिलं.

चौऱ्याऐंशीच्या होळीनंतर खानझोडे सरांचं अंतर्देशीय आलं. जागेश्वर समोर उकिडवा बसला आणि मी वाचलं. सरांनी लिहिलं होतं की युरोपातल्या त्यांच्या एका परिचिताने फोटो पाठवला आहे. तिकडे काही वटवाघळं हिवाळाभर गुहांमध्ये झोपून राहतात आणि झोपलेल्या काहींच्या नाकातोंडावर पांढरी बुरशी दिसते. आपल्याकडची अशी झोपत नाहीत, तरी एकदा कंदील घेऊन आत पाहावं आणि तसं काही दिसल्यास ताबडतोब कळवावं.

हिवाळाभर झोपतात हे वाचून मला त्यांचा हेवाच वाटला. वार्षिक परीक्षेचे कागद समोर पडले होते, डोकं दुखत होतं आणि जागेश्वर जायचं नाव घेत नव्हता.

"गुरुजी, बुरसी म्हंजे काय जी?" त्याने विचारलं.

शिळ्या भाकरीवर येते ती, म्हणून मी सोडून द्यायला हवं होतं. पण नुकतंच मी चौथीला विज्ञानाचा धडा शिकवला होता आणि तो माझ्या जिभेवर होता. म्हणालो, "अरे, तुझ्या धानावर करपा आला होता ना, तीही बुरशीच. एकाला लागली की दुसऱ्याला लागते."

"मंग मरतेत का ते?"

"तुझं धान वाचलं होतं का?"

हे मी हसत म्हणालो होतो. तो हसला नाही. उठून गेला.

दुसऱ्या दिवशी तो मोजणीच्या आठ वर्षांत पहिल्यांदाच सुरंगाच्या आत गेला. खालच्या बोगद्यात, जिथे वाट फुटून एक छोटी शाखा आत जाते तिथे, सात वटवाघळांच्या नाकावर त्याला पिवळसर पांढरी भुकटी दिसली. त्याच दुपारी माझ्याकडून कार्ड लिहून घेतलं. मी लिहिलं, शिक्का मारला, थैलीत टाकलं. चार दिवसांनी तो पुन्हा आत गेला, तर तशी वीसच्या वर होती. आणखी तीन दिवसांनी त्या शाखेतली निम्मी. नागपूरहून उत्तर नाही. मागाहून कळलं की सर पेपर तपासायला अमरावतीला गेले होते आणि कार्ड त्यांच्या बंद घराच्या दारात पडून होतं.

जागेश्वर रोज पडवीत यायचा आणि थैलीकडे बघत बसायचा. मला त्याची कीवही यायची आणि रागही. आलं असतं तर दिलं नसतं का, असं एकदा मी खेकसलोही. तो म्हणाला की मागल्या खेपेलेबी वाटच पायली होती. मला ते तेव्हा ऐकू आलं, पण कळलं नाही. माणूस दमला की त्याला ऐकू येतं तेवढं सगळं कळत नाही, आणि मी त्या काळात कायम दमलेला असे.

आधी त्याने रीतीप्रमाणे लागलेलं उपटलं. हाताला पोत्याचं फडकं बांधून हाती लागली तेवढी भुकटीवाली वटवाघळं काढली, बाहेर आणून जाळली. एक मात्र सरांसाठी वाळवून कागदात बांधून ठेवलं. दोन दिवसांनी पाहिलं तर नवी पंधरा पांढरी झालेली. मग त्याने ठरवलं की रोगट शाखा तेवढी धुरवायची, म्हणजे मोठ्या बोगद्यातली हजारभर तरी वाचतील. भर दुपारी शाखेच्या तोंडावर ओली पोती बांधली आणि आत कडुनिंबाचा पाला आणि गंधक पेटवलं. बांधीतलं पाणी अडवायची सवय असलेल्या माणसाला वाटलं असावं की धूरही अडेल. धुराला बांध नसतो. पोत्यांच्या फटींतून तो मोठ्या बोगद्यात भरला. झरोक्यातून एका वेळी एकदोनच वटवाघळं निघू शकत, आणि बाहेरच्या दाराला, चौकीदाराच्या सवयीने, आत शिरताना त्याने कडी लावली होती. ती त्याने धडपडत जाऊन उघडली तोपर्यंत फार वेळ झाला होता.

थोडी उन्हात उडाली. त्यांना कावळ्यांनी धरलं. बाकीची आतच पडली. जागेश्वरने दोन दिवस टोपल्या भरभरून बाहेर काढली आणि एकट्याने खड्डा करून पुरली. लोक नाकाला पदर लावून लांबून बघत होते. मीही गेलो होतो. त्याचे डोळे लालभडक होते. धुरानं झाले, म्हणाला. मी मान हलवली आणि परीक्षा आहे म्हणून परत आलो. खड्ड्याशेजारी दुसरं फावडं पडलेलं होतं, ते मला दिसलं होतं.

सर आले ते अर्धा चैत्र सरल्यावर. कार्ड वाचून धावत आले होते, बाटल्या, चिमटे, भिंग सगळं घेऊन. बुरशी आपल्याकडेही सापडली या आनंदात त्यांचं तोंड फुललेलं होतं. जागेश्वरने दार उघडलं. आत गंधकाचा वास आणि शुकशुकाट. सर बराच वेळ कंदील वर करून छत बघत राहिले. मी मागेच उभा होतो. ते वळले आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हे करायला तुम्हांला सांगितलं कोणी?"

जागेश्वरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोनी नाही सायेब," तो म्हणाला. "माया मनानंच केलं."

मी तोंड उघडायला हवं होतं. एवढं सोपं काम होतं ते. सर माझ्या शेजारी होते, जागेश्वर समोर होता आणि वाक्य चार शब्दांचं होतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो की इथे फार कुबट वास येतो, बाहेर जाऊ. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हातारे दिसायला लागले. कागदात बांधलेलं ते एक वाळलेलं वटवाघूळ घेऊन दुपारच्या एसटीने गेले.

पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. मी ते पडवीत एकट्याने उघडलं, वाचलं आणि पुन्हा चिकटवलं. मग घेऊन जागेश्वरच्या घरी गेलो. कुंताबाई अंगणात वाळलेला मोह हातांनी चोळत बसली होती, फुलाच्या पोटातलं जिरं, ते बारीक तंतू, काढायला. जागेश्वर भिंतीला टेकून बसला होता. त्या दिवशी मला खोटं वाचता आलं असतं. त्याला अक्षर येत नव्हतं आणि माझ्या शब्दावर त्याचा आंधळा विश्वास होता. पण एका महिन्यात दोनदा त्याला फसवायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं, म्हणून जे होतं ते वाचलं.

सरांनी लिहिलं होतं की सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, बुरशी कुठेही नाही. तो मोहाच्या फुलातला पराग आहे. ही वटवाघळं मोहावर जातात, फुलात तोंड घालतात, तेव्हा तो नाकाला लागतो. मोह जसजसा भरात येतो तसतशी जास्त वटवाघळं माखतात. आजवर आपण मोजणी बाहेरूनच केली आणि सर स्वतः मोहाच्या दिवसांत कधी आले नव्हते, म्हणून हे कोणाच्या लक्षात आलं नाही. खाली आणखी दोन ओळी होत्या. युरोपातल्या त्या परिचिताने असंही कळवलंय की बुरशी लागलेली तिकडची वटवाघळंही पुष्कळदा मरत नाहीत. थंडी सरली की जागी होतात, अंग स्वच्छ करतात आणि उडून जातात.

मोह आमच्या पाचवीला पुजलेला. पहाटे टोपली घेऊन जायचं आणि झाडाखाली पडलेला वेचायचा. पण आमच्याकडे मोह म्हणजे खाली पडतो तो. वर फांदीवर त्याचं काय चाललेलं असतं ते बघायला मान वर करतो कोण?

कुंताबाईचे हात थांबले होते. तिने ते उलटे करून पाहिले. तळव्यांवर, बोटांच्या पेरांत, पिवळसर पांढरी भुकटी बसलेली होती.

"मले दाखवलं असतं तं मीच सांगतलं असतं," ती म्हणाली. "दरसाल माया हाताले हेच लागते."

तिला विचारायचं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तो जाळत होता, मी लिहीत होतो, सर तपासत होते. ती आपली मोह चोळत होती.

त्यानंतर जागेश्वरचं काम संपलं असं मला वाटलं होतं. पण वैशाखातल्या पहिल्या सोमवारी तो उजव्या खिशात चिंचोके घालून खाणीकडे गेला आणि मंगळवारी सकाळी पडवीत उभा राहिला. डावा खिसा उलटा केला. त्यातून काही पडलं नाही. कार्ड लिहा, म्हणाला. मी लिहिलं, शून्य. पुढच्या महिन्यात पुन्हा शून्य. वर्षभराने सरांनी कळवलं की आता मोजणी थांबवली तरी हरकत नाही, आणि मी ते त्याला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली आणि पुढच्या सोमवारी गेला. गावातल्या लोकांनीही चेष्टा करणं सोडलं. शून्य मोजायला जाणाऱ्या माणसाची चेष्टा तरी किती करायची.

मला त्याचा मंगळवार नकोसा झाला होता. तो येताना दिसला की मी मागच्या खोलीत काहीतरी शोधायला जायचो. कधीतरी त्याला सांगावं की चूक माझी होती, असं मनात यायचं. मग वाटायचं, तो विसरला असेल, उगाच खपली कशाला काढा. माणूस आपल्या भित्रेपणाला नावं मात्र चांगली चांगली देतो. चार वर्षं मी त्याला दया म्हणत राहिलो.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात जागेश्वर अंथरुणाला खिळला. छातीत कफ आणि अंगात ताप, आणि डॉक्टरकडे तुमसरला जायला तो तयार नव्हता. पौषातला पहिला सोमवार आला तेव्हा कुंताबाई माझ्याकडे आली. तिने पदराच्या गाठीतून चिंचोके काढून टेबलावर ठेवले. आज तुमी जा म्हन्ते ते मोजाले, एवढंच म्हणाली.

बारा वर्षांत मी एकदाही मोजायला गेलो नव्हतो. ऊन उतरल्यावर गेलो. सुरंगाच्या तोंडाशी एक दगड होता, बसून बसून वरून गुळगुळीत झालेला. त्याच्यावर बसलो. गुडघे दुखत होते, डोंगरावरून गार वारा येत होता. मी काय करतोय इथे, असं दहादा मनात आलं. उजेड जायला लागला तसं आतून काही तरी हललं. एक वटवाघूळ बाहेर आलं, माझ्या डोक्यावरून गेलं. मग दुसरं. बऱ्याच वेळाने तिसरं. पुढे अंधार होईपर्यंत थांबलो, आणखी आलं नाही. मी उजव्या खिशात हात घालून बसलो होतो. तिघांसाठी चिंचोका हलवायचा की नाही ते मला कळेना.

सकाळी त्याच्या घरी गेलो. त्याला उठून बसवलं होतं. पाठीला गोणपाट, अंगावर दोन घोंगड्या. मी सांगितलं की तीन आहेत.

"तिनाले चिंचोका नसते लागत," तो म्हणाला. त्याला दम लागत होता. "खरंच पायले ना जी गुरुजी?"

मी म्हणालो, खरंच पाहिले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. तसं तो कधी पाहत नसे. "तुमी तवा करपा म्हनलं होतं," तो म्हणाला. "ते मी कोनालेच सांगतलं नाही. हिलेबी नाही. आता तुमी तीन म्हनता, तं मी मानतो."

कुंताबाई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती वळली नाही. मला काहीतरी बोलायचं होतं, चार वर्षं शिळं झालेलं. पण त्याने डोळे मिटून घेतले होते आणि हाताने खूण करत होता, कार्ड लिहा म्हणून.

मी तिथेच, त्याच्या खाटेच्या पायाशी बसून लिहिलं. आकडा तीन. खाली त्याचं नाव लिहिलं. त्याच्याखाली पहिल्यांदाच माझं नाव लिहिलं, मधुकर, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं की चौऱ्याऐंशी साली बुरशीचा अर्थ जागेश्वरला मी सांगितला होता, करपा म्हणून, आणि त्या दिवशी सुरंगात मी गप्प राहिलो. मग ते त्याला वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता.

त्याने ऐकलं की नाही, ते मला माहीत नाही. कुंताबाईने ऐकलं.

जागेश्वर माघात गेला. सरांचं उत्तर त्यानंतर आठवड्याने आलं, ते मी अजून कोणाला वाचून दाखवलेलं नाही. कुंताबाई ते वाचून दाखवा असं म्हणाली नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती चिंचोके पाठवून देते, आणि मी जातो.